कसला धूर होता?

हॉस्पिटलमध्ये मला विचारलेला पहिला प्रश्न अगदी साधा होता. कसला धूर होता? उत्तर मला माहीत होतं आणि मी खोटं सांगितलं. माझ्या आजारपणाची हकिकत त्या खोट्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. ऑक्सिजनचा मास्क, सुया, महिनोन्‌महिने चाललेले श्वासाचे व्यायाम हे कुणाच्याही नशिबी येऊ शकतं. ते खोटं मात्र मी माझ्या तोंडाने बोललो.

ज्यांच्या घराखाली, दुकानामागे किंवा गल्लीच्या टोकाला ॲसिडचा एखादा कॅन ठेवलेला आहे आणि आता ज्यांना तो दिसेनासा झाला आहे, त्यांनी हे वाचावं.

भुसा

कसबा पेठेत आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. पुढे विक्री आणि मागच्या खोलीत जुन्या समया, घंगाळी, देवांच्या मूर्ती उजळून देण्याचं काम. वडिलांच्या काळी हे काम चिंच आणि राखेवर चालायचं. पुढे ॲसिड आलं. काळंठिक्कर भांडं ॲसिडात बुडवायचं, पाण्यातून काढायचं आणि लाकडाच्या भुशात घोळवून कोरडं करायचं. मनगटं दुखत नाहीत, वेळ वाचतो, गिऱ्हाईक खूश होतं.

मागची खोली रशीदची. रशीद माझा शाळेपासूनचा मित्र आणि धंद्यातला भागीदार. राहतो विश्रांतवाडीला. मी गल्ल्यावर आणि तो मागे, अशी आमची वाटणी. का, ते आम्ही कधी बोललो नाही. त्याचा हात चांगला होता आणि मला त्या वासाने डोकं दुखायचं, एवढंच.

दिवाळीआधीचे दिवस होते. भांड्यांचा ढीग लागला होता, म्हणून नेहमीपेक्षा बरंच जास्त ॲसिड आणून ठेवलं होतं. राहत्या इमारतीत एवढं ठेवायची परवानगी आमच्याकडे नव्हती, हे मला ठाऊक होतं. सकाळी रशीद एक कॅन कोपऱ्यातून ओढत होता, तर त्याचं बूड उकललं. ॲसिड फरशीवरून वाहत गेलं ते थेट तांब्याच्या तुकड्यांच्या ढिगाखाली. विटकरी रंगाचा धूर उठला. धूर म्हटलं की आपल्याला काळा किंवा पांढरा आठवतो. हा विटांच्या भुकटीसारखा होता, विरळ झाला की पिवळा दिसायचा, आणि वर न जाता जमिनीलगत पसरत होता.

आमच्या धंद्यात काहीही सांडलं की त्यावर भुसा टाकतात. तेल असो, पाणी असो, पॉलिश असो. विचार करावा लागत नाही, हात आपोआप पोत्याकडे जातो. मी धावत मागे गेलो आणि अख्खं पोतं त्या ॲसिडवर ओतलं. त्या ॲसिडवर भुसा कधीच टाकायचा नसतो, लाकडाने ते आणखी धूर सोडतं, हे मला पुढे कळलं. धूर दुपटीने उसळला. रशीदने मला कॉलर धरून बाहेर फेकलं आणि तो पुन्हा आत शिरला. बोळाकडची खिडकी उघडली तर धूर गल्लीत कमी येईल, असं त्याला वाटलं. खिडकीची कडी गंजलेली होती. ती उघडेपर्यंत तो आत होता.

समोर आपटे यांचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. तोंडाला रुमाल लावून ते बाहेर आले.

"आज उद्योग भरभराटीला आलेला दिसतोय," ते खोकत म्हणाले. "आम्हालाही त्यात सामील करून घेतलंत, आभारी आहे. अग्निशमनला फोन लावू का?"

"नको, नको. शॉर्ट सर्किट झालं होतं. विझलं."

"शॉर्ट सर्किटचा धूर पिवळा असतो हे माहीत नव्हतं," असं म्हणून त्यांनी शटर खाली ओढलं.

खोटं पहिल्यांदा बोललो ते तिथे.

गूळ

खोकला लवकरच थांबला. डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता, बस. आमच्याकडे धुळीधुराचं काम झालं की गूळ खातात. गुळाने छाती साफ होते असं वडील सांगायचे, त्यांना त्यांचे वडील सांगायचे. गल्ल्याखाली गुळाचा डबा कायम असतो.

"दोन खडे दे, आज डबल ड्यूटी झाली," रशीद म्हणाला.

मी त्याला मोठा खडा दिला आणि म्हटलं, "आता घरी जा. शमीमभाभींना दूध गरम करून द्यायला सांग. आराम कर."

"हुकूम शेठ," तो म्हणाला. तो मला शेठ म्हणायचा तो चिडवायलाच. मग स्कूटर काढून गेला. गल्लीच्या कोपऱ्यावरचा दवाखाना उघडा होता. आमचे फॅमिली डॉक्टर तिथेच बसतात. रशीदची स्कूटर त्या दारावरून गेली आणि दुपारी मीही जेवायला त्याच दारावरून घरी गेलो. आम्हाला बरं वाटत होतं.

हे 'बरं वाटणं' मी पुन्हा लिहितो, कारण त्यातच सगळा घात आहे. हा वायू छातीत शिरतो आणि कित्येक तास गप्प बसतो. माणूस जेवतो, हसतो, झोपतोही. आत फुप्फुसांत पाणी भरायला लागलेलं असतं.

संध्याकाळ

दिवेलागणीला मी दुकानातून घरी आलो, तर आमचा नेहमीचा जिना मला चढवेना. मधल्या वळणावर बसलो. घरात आल्यावर बेसिनमध्ये खोकलो, तर गुलाबी फेस आला. दंतमंजनासारखा. मी नळ सोडून तो घालवला, म्हणजे बायकोला, सुनंदाला दिसायला नको. पण श्वास लपवता येत नाही. तो ओल्या कापडातून ओढल्यासारखा येत होता. पाण्यात बुडणारा माणूस निदान हात तरी मारतो. मी आमच्या स्वयंपाकघरात, कोरड्या फरशीवर उभा राहून बुडत होतो.

सुनंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पायात चपला सरकवून रिक्षा आणायला गेली.

कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर होती, आमच्या मुलीच्या वयाची.

"काका, कधीपासून होतंय? दम्याचा त्रास आहे? हार्टचं काही?"

मी नकारार्थी मान हलवली. सुनंदा म्हणाली, "सकाळी यांच्या दुकानात धूर झाला होता."

"कसला धूर होता?"

"वायरिंग... जळलं," मी म्हणालो.

तिने तसं लिहिलं. छातीला तारा चिकटवल्या, रक्त घेतलं, वाफारा लावला. माझ्या वयाचा, सुटलेल्या पोटाचा माणूस, छातीत पाणी झालेलं, म्हणजे दुखणं हृदयाचं असणार, असं धरून ती मंडळी कामाला लागली. त्यांची चूक नव्हती. मी दिलेल्या वाटेने ती निघाली होती.

पडद्याआड आम्ही दोघंच उरलो तेव्हा सुनंदाने माझा काढून ठेवलेला शर्ट उचलला, दिव्यासमोर धरला. बाह्यांवर बारीक बारीक भोकं होती. चाळणीसारखी.

"अहो, वायरिंग जळलं तर शर्टाला भोकं कशी पडली?"

मी डोळे मिटले.

"आणि रशीदभाई कुठे आहेत?"

तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या कानाजवळ धरला. शमीमभाभींचा आवाज नेहमीसारखा मोकळा होता. "झोपलेत ते. खोकला आहे थोडा, थकलेत. हळदीचं दूध दिलं, गूळ घालून. उठवू का?"

"थोडा खोकला आहे," सुनंदा माझ्याकडे बघत म्हणाली. "उठवू का, विचारतात."

जे लिहायला सर्वांत जड गेलं

मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. थोड्याच वेळापूर्वी मीही थकलो होतो, मलाही थोडा खोकला होता. रशीद माझ्यापेक्षा जास्त वेळ आत होता. तो झोपेत बुडत होता आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बाईला वाटत होतं की त्याला आराम पडतोय.

तरी मी लगेच बोललो नाही.

मास्कच्या आत माझा श्वास घुरघुरत होता आणि डोळ्यांसमोर दुकानाच्या दारावर लाखेचं सील दिसत होतं. पंचनामा, गल्लीत जमलेले लोक, वडिलांच्या नावाची पाटी उतरवलेली. मरायची भीती होतीच. पण त्या भीतीच्याही आधी ही दुसरी भीती उभी होती, आणि ती जास्त ओळखीची होती. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. सुनंदाला माहीत असावं. ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

शेवटी मी मास्क बाजूला केला. "डॉक्टरांना बोलव. ॲसिड होतं म्हणावं. तांब्यावर सांडलं. पिवळा धूर होता."

डॉक्टर धावत आली. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"काका, हे आल्या आल्या सांगायचं होतं ना." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

सुनंदाच्या हातात फोन अजून चालू होता. डॉक्टरने तो जवळजवळ हिसकावून घेतला. "ताई, त्यांना आत्ता उठवा. बसतं करा. चालवायचं नाही, जिना उतरवायचा नाही. ॲम्ब्युलन्स पाठवतेय, खुर्चीत बसवून खाली आणा. ओठ कसे दिसतात बघा."

पलीकडे दिव्याचं बटण वाजलं. मग शमीमभाभींचा आवाज आला, पण आता तो मोकळा नव्हता. "ओठ... जांभळे दिसतायत."

डॉक्टरने वरिष्ठांना फोन केला, मग आणखी कुणाला तरी. ॲसिड कुठलं, त्यात आणखी काय मिसळलं होतं, हे तिला हवं होतं. "कॅनचा फोटो मागवा." दुकानाची दुसरी किल्ली आपट्यांकडे असते. सुनंदाने त्यांना फोन केला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"वहिनी, कॅन सापडला. त्यावर 'शुद्ध पेयजल' असं छापलंय. डॉक्टरांना तेच कळवू का?"

मोठ्या कॅनमधलं ॲसिड आम्ही पाण्याच्या रिकाम्या कॅनमध्ये ओतून ठेवत होतो. उचलायला सोपे पडतात म्हणून.

डॉक्टरने फोन घेऊन आपट्यांनाच विचारलं, "तुम्हाला खोकला आहे का? गल्लीत आणखी कुणाला? प्रत्येक घरी जाऊन विचारा आणि ज्यांनी तो धूर हुंगला त्यांना इकडे पाठवा. बरं वाटत असलं तरी. रात्रभर देखरेखीखाली ठेवू." आपट्यांनी तेव्हा एकही टोमणा मारला नाही. दारोदार हिंडून ते स्वतःही आले. देवाची कृपा की गल्लीतलं बाकी कुणी गंभीर झालं नाही.

पडद्याच्या पलीकडे

अतिदक्षता विभागात माझ्या आणि रशीदच्या खाटेमध्ये एक हिरवा पडदा होता. त्याच्या घशात नळी घातली होती. तो बोलू शकत नव्हता, त्याचं यंत्र बोलत होतं. फूऽस, थांब, फूऽस. त्या 'थांब'मध्ये माझाही श्वास अडायचा. यंत्राने वेगळा आवाज केला की मी पडद्याखालून पाय मोजायचो. दोन पाय म्हणजे सिस्टर सलाईन बदलतेय. चार-सहा पाय धावत आले की मी आडवा पडून छताकडे बघायचो आणि त्या पायांच्या जाण्याची वाट पाहायचो.

तिथे दिवस आणि रात्र नसतात. दिवा सारखाच असतो. सकाळ झाल्याचं कळायचं ते लोणी काळभोरहून येणाऱ्या मावशींमुळे. त्या अंग पुसायला यायच्या तेव्हा त्यांच्या पदराला बाहेरच्या थंड हवेचा वास असायचा. मी एकदा त्यांचा हात धरून ठेवला, सोडवेना.

"असं घाबरून कसं हुईल? मी हाय हितंच," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने माझं अंग पुसत राहिल्या. धरलेला हात त्यांनी सोडवून घेतला नाही. त्या आजारपणात माझ्या वाट्याला आलेल्या चांगल्या गोष्टींमध्ये तो हात पहिला.

आणि मग शमीमभाभी. भेटीच्या वेळी त्या रशीदजवळ उभ्या राहायच्या आणि जाताना माझ्याकडे यायच्या. एक दिवस त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "विजयभाऊ, मी त्यांना झोपू दिलं. दुपारपासून झोपलेले होते. मला कळायला पाहिजे होतं. बायको आहे मी."

माझं ओझं त्या बाईने उचललं होतं. स्वतःचं समजून.

मी मास्कमधूनच सांगितलं. सकाळी डॉक्टरांकडे न नेता गूळ देऊन घरी पाठवलं ते मी. इथे आल्यावर खोटं बोललो ते मी. तुमचा फोन चालू असताना गप्प राहिलो तोही मीच. वाक्यं तुटत होती, तरी सगळं सांगितलं.

त्या ऐकून घेत होत्या. मग मांडीवरची पिशवी उचलून उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या रोज आल्या, रशीदजवळ उभ्या राहिल्या आणि माझ्या खाटेजवळून सरळ दाराकडे गेल्या. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

दुसरा फेरा

रशीदची नळी निघाली. आम्ही दोघंही घरी आलो. माझ्या घरी पेढे वाटले गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं की या दुखण्याचा दोन-तीन आठवड्यांनी दुसरा फेरा येऊ शकतो, तपासणी चुकवू नका. आम्ही चुकवली नाही, आणि तरी तो आला. मला नाही, रशीदला. ताप आला, पुन्हा तोच धाप लागलेला श्वास आणि पुन्हा तेच हॉस्पिटल. या खेपेला मी पडद्याच्या बाहेर होतो, धडधाकट, आणि ते मला जास्त असह्य होत होतं.

तो वाचला. पण त्याच्या फुप्फुसांच्या बारीक नळ्या आतून व्रण पडून आक्रसल्या आहेत. त्या पुन्हा मोकळ्या होणार नाहीत असं डॉक्टर म्हणतात. एका मजल्यावर जायला त्याला मध्ये बसावं लागतं. बोलताना वाक्याचे तुकडे होतात. आता तो गल्ल्यावर बसतो आणि मी मागे असतो. मागे म्हणजे चिंच आणि राख घेऊन. ॲसिड गेलं. खोलीला सील लागलं, चौकशी झाली, दंड भरला, काही महिन्यांनी सील निघालंही. ज्या गोष्टीला घाबरून मी रशीदच्या श्वासांचा सौदा केला, ती एवढीशी होती.

माझी भीती अजून गेलेली नाही. गल्लीत कुणी खोकलं की मी दारात येतो. पिवळसर उजेड दिसला की आधी तोंडावर हात जातो, मग कळतं की ऊन आहे. सुनंदा म्हणते, जाईल हळूहळू. मला ती पूर्ण जावी असं वाटत नाही.

सराव

हे लिहायला लावलं ते कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी. ते म्हणाले, "तुमच्या गल्लीत कुणाकडे काय आहे हे मला माहीत नाही. रोज तुमच्या नाड्या बघतो, पण उद्या कुणाला इथे उचलून आणलं तर मी काय म्हणून हॉस्पिटलला फोन करणार?" मग एका रविवारी त्यांनी दवाखान्यात गल्लीतल्या दुकानदारांना बोलावलं. आधी कुणी तोंड उघडेना. सगळ्यांना तीच भीती होती, जी मला होती. मग आपटे म्हणाले, "आमच्याकडे सरस आहे, स्पिरिट आहे, आणि माझा स्वभाव आहे. तिन्ही ज्वालाग्राही." लोक हसले आणि बोलायला लागले. थिनर, कीटकनाशकं, गॅसची टाकी. शेजारी बसलेला माणूस कशावर झोपतो हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्यानंतर डॉक्टरांनी एक सराव घ्यायचा ठरवला. धूर झाला असं समजायचं. वाऱ्याच्या उलट दिशेला कसं जायचं, कुणी कुणाच्या घराचं दार वाजवायचं, रुग्णाला न चालवता खुर्चीवरून कसं न्यायचं, आणि दवाखान्यात काय सांगायचं. कपडे काढून टाकायचे, अंगावर भरपूर पाणी घ्यायचं, गूळबीळ काही नाही.

रुग्ण कोण होणार, हा प्रश्न आला तेव्हा रशीद म्हणाला, "मीच होतो. मला... अनुभव आहे."

शमीमभाभी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या. आपटे आणि आणखी एकाने रशीदला खुर्चीवर बसवून गल्लीतून आणलं. मी बरोबर चालत होतो, कारण माझं काम होतं सोबत आलेल्या माणसाचं. लोक गॅलऱ्यांतून बघत होते, कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं. सगळं खोटं होतं, नाटक होतं. तरी दवाखान्याच्या दारात मी रशीदच्या ओठांचा रंग पाहून घेतला.

डॉक्टरांनी रशीदच्या मनगटावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "कसला धूर होता?"

मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते, पण मी पाहिलं शमीमभाभींकडे. कित्येक महिन्यांनंतर त्या पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत होत्या.

"ॲसिडचा," मी म्हणालो. "तांब्यावर सांडलं. पिवळा धूर. हा आत होता, माझ्यापेक्षा जास्त वेळ."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि हॉस्पिटलला फोन लावल्यासारखं केलं. रशीदने खुर्चीतून माझी बाही ओढली. मी वाकलो. त्याने श्वास घेतला, थांबला, पुन्हा घेतला.

"बघ शेठ," तो म्हणाला. "एवढंच... सांगायचं होतं."